बॅरेक नंबरच्या पत्त्यावरची घरं

उल्हासनगरात पत्ता सांगताना माणूस आधी कॅम्प सांगतो, मग सेक्शन, मग बॅरेक नंबर आणि सगळ्यात शेवटी खोली. बऱ्याच ठिकाणी ती बराक, म्हणजे लष्कराने बांधलेली लांब इमारत, आता उरलेली नाही. तिथे दोन-तीन मजली घर उभं आहे, खाली मोबाइलचं दुकान आहे, शेजारी फॉल-पिको करणारी बाई मशीन घेऊन बसलेली असते. पण वीजबिलावर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेवर बॅरेक नंबर अजून छापला जातो. मी अंबरनाथला राहतो. मोजणी करणं आणि नकाशे काढणं हा माझा व्यवसाय, आणि त्यातला मोठा भाग याच बराकींमधून आलेला आहे. भावाभावांत वाटणी असो, विक्री असो, बँकेचं कर्ज असो, टेप घेऊन मला बोलावणं येतं.

हे लिहायला कारण झाला माझा भाचा. तो पुण्यात आर्किटेक्चर शिकतो आणि जुन्या शिपिंग कंटेनरमधून गरिबांना परवडतील अशी घरं, हा त्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेतला आहे. ड्रॉइंग देखणी आहेत. खिडकीत कुंड्या, गच्चीवर सौर पॅनेल, सगळं काही. त्याला म्हटलं, "अरे, एकदा माझ्याबरोबर कॅम्पात चल. घर म्हणून न बांधलेल्या वास्तूत लाखभर माणसांनी संसार कसा मांडला ते तिथे भिंतीला हात लावून बघता येईल." तो आला, फोटो काढले, परत गेला, आणि तेव्हापासून रोज फोनवर एक नवा प्रश्न विचारतो. त्याला तुकड्यातुकड्यांनी दिलेली उत्तरं इथे सलग लिहितो आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प उभारला गेला. ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसं राहू शकतील एवढी ती वसाहत होती. युद्ध संपलं, फौजा गेल्या आणि २,००० हून जास्त बराकी रिकाम्या राहिल्या. मग फाळणी झाली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि सिंधी कुटुंबं बोटी भरभरून मुंबईच्या धक्क्याला उतरू लागली. एवढ्या लोकांसाठी नवी घरं बांधायला सरकारपाशी वेळ नव्हता. जिथे जिथे लष्कराच्या बराकी मोकळ्या होत्या तिथे लोकांना नेलं गेलं, देवळालीला, पुण्याजवळ पिंपरीला, आणि सगळ्यात जास्त या कल्याण कॅम्पात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाचं उल्हासनगर झालं. तोवर इथे लाखाच्या आसपास माणसं राहत होती. म्हणजे जेवढ्यांसाठी कॅम्प बांधला, त्याच्या जवळजवळ तिप्पट.

ही तिप्पट माणसं मावली कशी, हा भाच्याचा पहिला प्रश्न. त्यासाठी बराक म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं.

मधे एक लांबच लांब हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या, असा बहुतेक बराकींचा आराखडा. मी मोजलेल्या जुन्या बराकींत विटांच्या भिंती, त्यावर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या कैच्या, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, कैच्यांवर वासे आणि रिपा, वर कौलं. छपराचा सगळा भार बाहेरच्या दोन भिंतींवर. आत एकही भिंत भार घेत नाही. सैनिकांच्या खाटा ओळीने लावायला जागा मोकळी हवी म्हणून तसं बांधलेलं, पण निर्वासितांसाठी तेच वरदान ठरलं. आत कुठेही पडदा टांगा, कूड घाला, पुढे वीट रचा, छपराला धक्का लागत नाही. एका कैचीपासून दुसऱ्या कैचीपर्यंत एक कुटुंब, अशी वाटणी आपोआप झाली. आजही दोन शेजाऱ्यांचा सामाईक भिंतीवरून वाद असला की मी आधी वर बघतो. कैची कुठे आहे ते सापडलं की मूळची हद्द बहुतेक वेळा तिथेच असते.

दुसरी गोष्ट उंचीची. उतरतं छप्पर असल्यामुळे आढ्याखाली चांगली उंची मिळायची. घरात सून आली की तिथे लाकडी पोटमाळा पडायचा. धाकट्याचं लग्न झालं की मागच्या बाजूला पडवी निघायची, आणि पुढच्या ओसरीला दुकानाची फळी लागायची. दोन बराकींच्या मधे लष्कराने आगीच्या भीतीने किंवा कवायतीसाठी म्हणा, भरपूर मोकळी जागा ठेवलेली होती. घरं वाढली ती त्या जागेत. मला वाटतं उल्हासनगरचं खरं भांडवल या मोकळ्या पट्ट्या होत्या. भाच्याच्या कंटेनरमध्ये मला हेच कमी दिसतं. कंटेनरची रुंदी आठ फूट. पत्रा कापून दार-खिडकी काढली की तो कमजोर होतो, मग कडेने पोलादी चौकट वेल्ड करावी लागते, आणि एवढं करून खाट टाकल्यावर पाऊल ठेवायला जागा राहत नाही. वर आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. पोलादी पेटीला आतून जाड अस्तर लावल्याशिवाय तिथे दुपारी माणूस बसू शकणार नाही, आणि अस्तर लावलं की रुंदी आणखी कमी होते. मालाच्या मापाने बनवलेली वस्तू आहे ती. बराक निदान माणसाच्या मापाने बांधलेली होती.

कॅम्प चारमधल्या एका पापडवाल्या दादींच्या खोलीची मोजणी मी केली होती. लहानपणी आईचा हात धरून त्या बोटीतून उतरल्या. पहिले काही महिने हॉलमध्ये कुटुंबांच्या मधे गोणपाट आणि चादरी टांगलेल्या असत. "एकाकडे बाळ रडलं की सगळा हॉल जागा," त्या म्हणाल्या. "पण बेटा, ऊपर छत पक्की थी. पावसात भिजलो नाही. बाकी सगळं आम्ही केलं." त्यांच्या आईने त्याच पडद्यामागे पापड लाटायला सुरुवात केली. पुढे पडदा गेला, कूड आला, मग विटा आल्या, लादी आली. मी मोजलं तेव्हा त्या खोलीत चार वेगवेगळ्या काळांतल्या भिंती होत्या आणि प्रत्येकीची जाडी निराळी होती. नकाशात चारही जाडी नीट दाखवायला हव्यात असा माझा आग्रह होता, कारण प्रत्येक भिंत कोणत्या वर्षी, कोणत्या पैशातून उभी राहिली हे दादींना तोंडपाठ होतं.

"बाकी सगळं आम्ही केलं" हे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. सुरुवातीला सरकारकडून शिधा मिळत होता, तो पुढे बंद झाला. लोकांनी गाडीत गोळ्या-बिस्किटं विकली, घरी पापड-लोणची केली, शिलाई मशीन घातली. बराकीतल्या खोलीला भाडं मुंबईच्या मानाने नगण्य, म्हणून हाती येणारा पैसा धंद्यात जाऊ शकला. आज इथे कापडाचा, फर्निचरचा, जीन्सचा जो बाजार दिसतो त्याची सुरुवात अशा खोल्यांच्या ओसरीवर झालेली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, कागदाचा. भाच्याच्या प्रकल्पात यावर एक ओळही नाही आणि म्हणून मी त्याच्यावर जरा रागावलोही.

१९५४ साली संसदेने विस्थापितांच्या भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा केला. ज्यांचे सिंधमध्ये राहिलेल्या मालमत्तेचे क्लेम मंजूर झाले होते त्यांच्या भरपाईतून खोलीची किंमत वळती करता आली, ज्यांचे क्लेम नव्हते त्यांना हप्त्यांनी पैसे भरून खोली घेता आली. हळूहळू कुटुंबांच्या हातात कन्व्हेयन्स डीड, म्हणजे मालकी नावावर करून देणारा दस्त, आलं. मी घरी गेलो की प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते डीड बाहेर येतं. घडीवर फाटलेलं, टेप लावलेलं. त्याच्यावरची तारीख आणि घरातली पहिली विटांची भिंत यांचा मेळ घालून बघा, बहुतेक वेळा भिंत डीडनंतरची असते. जागा आपली आहे असा कागद मिळेपर्यंत माणूस गोणपाटावर भागवतो. मिळाला की तो वीट आणतो.

त्याच काळातल्या मुंबईच्या चाळी आठवा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाडेकरूला संरक्षण मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं. पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि भाडेकरूला छप्पर बदलायचा अधिकार नव्हता. पक्क्या बांधलेल्या इमारती डोळ्यांदेखत खचत गेल्या. इथे मात्र काही वर्षांपुरत्या उभारलेल्या बराकी, राहणाऱ्यांच्याच हाताने सत्तर-पंच्याहत्तर वर्षं टिकल्या. हातातल्या त्या कागदाशिवाय मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

आमचंही पहिलं घर बराकीतच होतं, पण भाड्याचं. वडील शहाडच्या कारखान्यात लागले तेव्हा कॅम्प तीनमधल्या एका सिंधी कुटुंबाने आपल्या खोलीची मागची अर्धी बाजू आम्हाला दिली. मधे प्लायवूडची फळी. पलीकडून दालपकवानाचा वास यायचा, इकडून आईच्या फोडणीचा जायचा. कोकणातून, देशावरून, खानदेशातून कारखान्यांत आलेली कितीतरी मराठी कुटुंबं अशाच अर्ध्या खोल्यांत राहिली. ज्यांना घर मिळालं त्यांनी पुढच्या गरजू माणसाला त्यातला तुकडा परवडेल अशा भाड्याने दिला, हे कुठल्याच योजनेत लिहिलेलं नव्हतं. स्वस्त घरांचा हिशोब करताना हे दुसऱ्या फळीतले रहिवासी कुणी मोजत नाही. मोजायला हवेत.

जे फसलं तेही सांगतो. लष्कराने संडास बराकींपासून दूर, एका रांगेत बांधले होते. सैनिकांसाठी ते ठीक होतं. रात्री लहान मुलीला घेऊन कंदिलाच्या उजेडात जाणाऱ्या आईसाठी ते ठीक नव्हतं. नळही सामाईक. माणसं तिप्पट झाली तरी नळ आणि गटारं त्या मानाने वाढली नाहीत. लोकांनी घराघरांत मोऱ्या आणि संडास काढले, त्यांचं पाणी जवळच्या नाल्यात आणि तिथून वालधुनी नदीत सोडलं. वालधुनीची आजची दशा ज्यांना माहीत आहे त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल. कारखान्यांचा वाटा मोठा आहेच, पण घरांखालचं सांडपाणी सुरुवातीलाच बांधून घेतलं असतं तर नदीवरचा निम्मा भार तरी हलका झाला असता असं मला मनापासून वाटतं. छप्पर आयतं मिळालं, जमिनीखालचं काम राहून गेलं. वापरात नसलेली कुठलीही वास्तू राहण्यासाठी घ्यायची म्हटली की मी आता आधी मलवाहिनीची लेव्हल विचारतो.

आणि मग आरसीसीचा काळ आला. बराकीच्या खोलीचा तुकडा तेवढाच, त्यावर चार-पाच मजले. परवानगी नाही, इंजिनिअर नाही, ठेकेदार सांगेल ते लोखंड. नव्वदच्या दशकात उलवा रेतीत, म्हणजे हलक्या प्रतीच्या रेतीत, बांधलेल्या इमारती म्हणून इथे ज्या ओळखल्या जातात त्या याच. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या ८५५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला, २००६ मध्ये राज्याने त्या नियमित करण्यासाठी खास उल्हासनगरपुरता कायदा केला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि दहाहून अधिक माणसं गेली. वरचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर, असे पत्त्यांसारखे मजले खाली आले. त्यानंतर स्ट्रक्चरल ऑडिटसाठी लोकांची जी रीघ लागली त्यात मीही नकाशे काढत होतो. भीतीने गप्प झालेली घरं होती ती. एका बिऱ्हाडात आजोबा म्हणाले, "याच्या आधी इथे आमची बराक होती, कौलं काढून विकली." त्यापुढे ते काही बोलले नाहीत. मीही काही बोलू शकलो नाही.

जुनं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. कौलारू बराकीत पोराबाळांच्या तीन पिढ्या मावत नाहीत, वर जावंच लागतं. पण वर जायचं तर चार-चार खोल्यांनी एकत्र येऊन, एक पाया घेऊन, परवानगीने जायला हवं होतं, आणि तसं जाणं कायद्याने सोपं करायला हवं होतं. एकेका खोलीला एकेक इमारत, ही रचनाच घातक आहे.

भाच्याने विचारलं, जगात आणखी कुठे असं झालंय का? झालंय, आणि आपल्या जवळच झालंय. माझ्या ताईचं सासर कोल्हापूरजवळ उचगावला. लग्नाचं कापड घ्यायला सगळे जातात त्या गांधीनगरची सुरुवात वळिवड्याच्या छावणीतून झाली. १९४३ मध्ये तिथे पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी उभी राहिली. रशियातल्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेल्या सुमारे ५,००० जणांची, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. १९४८ पर्यंत ती मंडळी निघून गेली आणि त्याच घरांत सिंधी निर्वासित आले. एका देशाच्या निर्वासितांनी सोडलेल्या छपराखाली दुसरे निर्वासित राहायला आले, आणि आज तिथे कापडाची घाऊक पेठ आहे. पोलंडची वयस्कर माणसं आपलं लहानपण शोधत वळिवड्याला परत येऊन गेली आहेत. या दोन्ही गावांचा अभ्यास कुठल्याही आर्किटेक्चरच्या वर्गात आधी व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडमध्ये १९४६ च्या उन्हाळ्यात युद्धातून परतलेले सैनिक आणि बेघर कुटुंबं रिकाम्या लष्करी छावण्यांत आपणहून शिरली. एक हजाराच्या आसपास छावण्या आणि चाळीस हजारांच्या आसपास माणसं. सरकारने आधी विरोध केला, मग बऱ्याच छावण्या स्थानिक कौन्सिलांकडे सोपवून पाणी-वीज दिली. अॅमस्टरडॅममध्ये तर भाच्याचे लाडके कंटेनरच आहेत. २००५-०६ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी कंटेनरची १,००० घरं उभी केली गेली, मुदत होती पाच वर्षांची, आणि ती मुदत वाढवावी लागली. पण तिथे प्रत्येक घराला स्वतःचा संडास, स्वतःची मोरी आणि गरम पाणी होतं. राहणारे एकेकटे विद्यार्थी होते. त्या चित्राची नक्कल इथे पाच जणांच्या कुटुंबासाठी करू नकोस, एवढंच त्याला मी सांगितलं.

त्याने प्रकल्प बदलला नाही, पण जागा बदलली. आमच्या पट्ट्यात बंद पडलेल्या कारखान्यांची कामगार क्वार्टर्स आहेत, शेड आहेत, रिकामी गोदामं आहेत. २०२० मध्ये केंद्राने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली तेव्हा सरकारी निधीतून बांधून रिकामी पडलेली घरं वापरात आणायचं तिच्यात होतं. तोच विचार या शेडपर्यंत न्यावा असं आम्हा दोघांनाही वाटतं. मोठ्या गाळ्याची शेड म्हणजे आत खांब नाहीत, उंची भरपूर, रस्ता आणि वीज दारापर्यंत आलेली. मी त्याला अशा एका रिकाम्या शेडची मोजणी करून देणार आहे. त्याने आधी सांडपाण्याचा नकाशा काढायचा, मग राहणाऱ्याच्या नावावर कोणता कागद कधी होईल ते लिहायचं, आणि खिडकीतल्या कुंड्या सगळ्यात शेवटी, असं आमचं ठरलं आहे.

दरम्यान माझं एक काम चालू आहे. मूळ कैच्या आणि कौलं शाबूत असलेल्या ज्या थोड्या बराकी उरल्या आहेत त्यांची मी सवडीने पूर्ण मापं घेतो आहे. आराखडा, छेद, जोत्याची उंची, कैचीचे जोड, सगळं. दुरुस्तीला काढलेल्या बराकी पटापट जातात. तुमच्या घरी जुन्या बराकीचा फोटो असेल, त्यात माणसं कोण आहेत ते ठाऊक नसलं तरी चालेल, मागची भिंत आणि छप्पर दिसलं तरी मला खूप आहे. पन्नास-साठच्या दशकातल्या हप्त्यांच्या पावत्या असतील तर त्या रद्दीत देऊ नका. कॅम्प एक ते पाच, गांधीनगर, पिंपरी, देवळाली, कुठलीही असो. खाली प्रतिक्रियेत नुसतं "आहे" असं लिहिलंत तरी पुढचं मी बघतो. कॅम्पात असाल तर टेप घेऊन येतो.